बहिणीचं घर आणि सातबाऱ्यावरची पाच नावं

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ५७ वर्षांच्या आहेत. ठाण्यात नोकरी करतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. पती हयात नाहीत, मुलगी लग्न होऊन बंगळूरला असते. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या माहेरच्या गावी, थोडं कर्ज काढून, छोटं घर बांधून राहायचं त्यांच्या मनात आहे. गावठाणाला लागून वडिलांचा दीड एकराचा बागायती गट आहे. त्यातले कडेचे पाच गुंठे ‘हे तुझे’ असं वडील सगळ्यांसमक्ष म्हणाले होते. ते गेल्यावर वारस नोंद झाली आणि आता सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ, या स्वतः आणि धाकटी बहीण अशी पाच नावं सामाईकात आहेत. गावठाणात जुनं घरही आहे. त्याच्या अर्ध्यात थोरला भाऊ राहतो, अर्धी बाजू पडलेली आहे. ग्रामपंचायत सदस्य असलेला चुलतभाऊ म्हणतो, ‘पंचायतीचा ना हरकत दाखला काढून देतो, पाया काढून घे. एकदा घरपट्टी लागली की कोण विचारतंय!’ पुण्यात सिव्हिल इंजिनिअर असलेला भाचा म्हणतो, ‘एनए, म्हणजे जमीन बिनशेती, झाल्याशिवाय वीट लावू नकोस, आणि एनएला दोन वर्षं धर.’ तालुक्याच्या गावचा एक एजंट ठोक रकमेत ‘सगळं करून देतो’ म्हणतो. बाई विचारतात: कोणाचं ऐकू? नियमाने गेले तर त्या घरात राहायला मला कितीशी वर्षं मिळतील? आणि भावांकडे कागद मागितला तर माहेर तुटेल का?

ताई,

परवानगी कशी मिळवायची हे तिघांनीही सांगितलं. जागा तुमच्या नावावर कशी येणार, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात अवघड वाटली ती पाच नावांची ओळ. तुम्ही ती ‘सामाईकात आहेत’ एवढ्यावर सोडून दिली आहे. कचेरीतला माणूस मात्र अर्ज हातात घेतल्यावर आधी तीच वाचेल.

गावाकडे घर बांधायचं तर तीन गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. जमीन कोणाची, तिचा वापर शेतीचा की राहण्याचा, आणि तिच्यावर काय व किती बांधणार. चुलतभाऊ तिसऱ्या गोष्टीवर उडी मारतोय, भाचा दुसरीवर अडलाय. आपण पहिल्यापासून जाऊ.

वडिलांनी दिलेला शब्द खरा असेल, चारचौघांनी तो ऐकलाही असेल, पण स्थावर मालमत्ता तोंडी बक्षीस देता येत नाही. त्याला नोंदणी केलेलं बक्षीसपत्र लागतं, दोन साक्षीदार लागतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून हे असंच आहे. म्हणजे ‘ते पाच गुंठे माझे’ हे घरात बोलायला ठीक, तहसीलमध्ये त्याला आधार नाही. आता दुसरी बाजू पाहा. तुम्ही वारस आहात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. महाराष्ट्राने तर तो काही अटींसह १९९४ मध्येच दिला होता. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जन्मानेच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या घरात आई आणि चार भावंडं. गट वडिलोपार्जित धरा की वडिलांनी स्वतः घेतलेला, हिशेब साधारण एकाच ठिकाणी येतो: प्रत्येकी पाचवा हिस्सा. दीड एकर म्हणजे ६० गुंठे, त्याचा पाचवा हिस्सा १२ गुंठे.

थोडक्यात, तुम्ही पाच गुंठे मागताय ते तुमच्या हक्काच्या निम्म्याहून कमी आहेत. भावांवर भार नको म्हणून तुम्ही मुद्दाम कमी मागत असाल. ते तुमच्या स्वभावाला शोभतं, पण इथे नेमकी गंमत अशी की कमी मागितल्यानेच तुम्ही अडकू शकता. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे ठराविक क्षेत्राखाली तुकडे पाडू देत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलं. तुमचा गट बागायत आहे. १२ गुंठ्यांचा हिस्सा या मापात बसतो, ५ गुंठ्यांचा बसत नाही. २०२५ मध्ये सरकारने निवासी क्षेत्रातल्या आणि गावठाणालगतच्या जमिनींसाठी हा कायदा सैल करायला सुरुवात केली आहे. त्यामुळे तुमच्या गटाला आज नेमकं काय लागू आहे ते तलाठ्याकडून, शक्य तर लेखी, विचारून घ्या. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. गावात जाऊन तसं विचारलंत तर मात्र लोक दोन मिनिटं तुमच्याकडे बघत राहतील.)

वाटणीचे दोन मार्ग आहेत. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा, किंवा दुय्यम निबंधकाकडे वाटणीपत्र नोंदवायचं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क फक्त १०० रुपये आहे आणि नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. म्हणजे पैशाची अडचण नाहीच. अडचण आहे पाच जणांना एका दिवशी एका टेबलाशी बसवण्याची.

तेव्हा तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. कागद मागितला तर माहेर तुटेल का?

एक सांगा, भावांना तुम्ही विचारलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. ‘दादाला वाईट वाटेल’, ‘वहिनींना आवडणार नाही’ हे तुमचे अंदाज आहेत. आपल्याकडे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची म्हटलं की ती घरगुती बाब असते, चहा पिता पिता उरकते. भावाने बहिणीसाठी सही करायची म्हटली की त्याचा लगेच ‘व्यवहार’ होतो. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं तुम्हीच धरून चाललाय. भावांना कदाचित तसं वाटणारही नाही. मला तर उलटी शक्यता दिसते. तुम्ही शहरातून येऊन पाया काढलात, कुठे आणि किती जागेत ते कोणालाच नीट कळलं नाही, तर थोरला भाऊ काही बोलणार नाही, पण धाकट्याच्या मनात ‘उद्या आपल्या वाट्याला रस्त्याकडची जागा राहते का’ हा प्रश्न येईलच.

बोलायला सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल तर तुमच्या मुलीपासून करा. ‘दादा, मी आहे तोवर आपल्यात काही प्रश्न नाही. माझ्यामागे मात्र बंगळूरहून जावई येऊन तुझ्या मुलांशी हद्दीवरून बोलत बसलेत हे मला नको. आई आहे तोवर सगळ्यांचंच नीट लावून घेऊ, फक्त माझं नाही.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. वाटणी पाचही जणांची होऊ द्या. एकट्या तुमचा तुकडा काढून घ्यायचा प्रस्ताव कोणालाही टोचेल. प्रत्येकाचा स्वतंत्र सातबारा होणार असेल तर त्यात भावांचाही फायदा आहे. पीक कर्ज, पीक विमा, विहिरीचं अनुदान, या प्रत्येक ठिकाणी सामाईक उताऱ्यामुळे त्यांनाही चार सह्या गोळा करत फिरावं लागतंच.

या बोलण्याआधी धाकट्या बहिणीला फोन करा. तुमच्या पत्रात तिचं नाव एकदाच येतं, तेही यादीत. तिला काय हवंय, हे तुम्हालाही माहीत नसावं. तिला भावांकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

वाटणीत एक गोष्ट हटकून सुटते: रस्ता. आज तुम्ही भावाच्या शेतातून चालत तुमच्या कडेपर्यंत जाता, तिथे कोणी अडवत नाही. घर झालं की तिथे वाळूचा डंपर येणार, पुढे कधी रुग्णवाहिका येणार. शेतात जायचा रस्ता अडला तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती तरतूद शेतीच्या वहिवाटीसाठी आहे, बंगल्याच्या फाटकासाठी नाही. म्हणून वाटणीपत्रातच लिहून घ्या: कोणत्या बाजूने, किती फूट रुंद, कोणाच्या हिश्श्यातून. सोबत हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. घराच्या नकाशाला परवानगी देतानाही प्लॉटला रस्ता कुठून, हे विचारलं जातंच.

वाटणी ठरली की मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज जातो. भूकरमापक येतो तेव्हा पाचही खातेदार आणि लगतचे शेतकरी हजर असावेत, अशी नोटीस निघते. त्या दिवशी स्वतः हजर राहा, ‘दादा बघेल’ म्हणून ठाण्यात बसू नका. मोजणीनंतर जो नकाशा मिळतो त्याला सगळे ‘क प्रत’ म्हणतात. तिच्यात नोंदीप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. त्या दोन रेषांमध्ये जिथे अंतर दिसेल तिथे पुढे भांडण होणार हे समजून घर तिथून चार हात आत घ्या. आणि शेतात ऊस उभा असेल तर मोजणी कोणालाच धड जमत नाही. ऊस तुटून गेल्यावरची तारीख मागा.

आता चुलतभावाचा मार्ग. तो तुमच्या वाईटावर नाही. त्याने गावात अशीच घरं उभी राहताना पाहिली आहेत. पण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली पंचायतीचा बांधकाम परवानगीचा अधिकार चालतो तो गावठाणाच्या हद्दीत. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या (जमीनवापराच्या सरकारी आराखड्याच्या) क्षेत्रात तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. प्रत्यक्षात फाईल प्रांत किंवा तहसीलदारांकडे चालते आणि नगररचना शाखेचा अभिप्राय लागतो. तुमची जागा गावठाणाला लागून आहे, म्हणजे गावठाणात नाही. तिथे पंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे पंचायतीची हरकत नाही इतकंच. बाकीच्यांचं काय म्हणणं आहे ते त्यात येत नाही.

घरपट्टीचंही तसंच. पंचायत बेकायदा इमारतीलाही कर लावू शकते आणि लावते. त्याची नोंद नमुना ८ मध्ये होते. लोक याला आणि तलाठ्याच्या ‘८ अ’ला एकच समजतात. ८ अ म्हणजे तुमच्या नावावर गावात किती जमीन आहे त्या खात्याचा उतारा. नमुना ८ ही पंचायतीची कर आकारणीची वही. दोन्ही वेगळे, आणि नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. हे सगळ्यांना कळतं ते बँकेच्या दारात. तुम्ही थोडं कर्ज काढायचं म्हणताय. बँक मालकीचा स्वच्छ उतारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागेल. घरपट्टीची पावती दाखवलीत तर नम्रपणे परत करेल.

बिनपरवाना घराला नोटीस सहसा सरकारी माणूस गावात हिंडून देत नाही, हे खरंय. ती येते तक्रारीवरून, आणि गावातल्या अशा तक्रारी परक्यापेक्षा भावकीतूनच जास्त होतात. चुलतभाऊ आज सदस्य आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते आणि त्याला विरोधी गट असणारच. परवानगीशिवाय शेतजमिनीचा वापर बदलला तर महसूल संहितेच्या कलम ४५ खाली दंड होतो, वापर बंद करायची नोटीस निघू शकते. निवृत्तीच्या पैशांतून बांधलेल्या घरात त्या नोटिशीची वाट बघत राहायचं का, हे तुम्ही ठरवा. मी तरी राहणार नाही.

भाच्याचं ‘दोन वर्षं’ मात्र जुन्या काळातलं आहे. पूर्वी प्रत्येक बिनशेतीला कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागायची आणि फाईल दहा खात्यांच्या अभिप्रायासाठी फिरायची. नंतर संहितेत ४२-ब, ४२-क, ४२-ड अशी कलमं आली. तुमच्या कामाचं ४२-ड. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेली आणि प्रादेशिक योजनेत विकासयोग्य क्षेत्रात दाखवलेली जमीन राहण्याच्या वापरासाठी बिनशेती झाली असं मानलं जातं. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि लागू असेल तर नजराणा (सरकारला द्यायची ठराविक रक्कम) भरायचा, तहसीलकडून सनद घ्यायची, अशी त्याची रीत होती. या कलमांत अलीकडे पुन्हा बदल होत आहेत आणि त्यांचा कल सोपं करण्याकडे आहे, म्हणून आज नेमकं काय भरायचं ते तहसीलमध्ये विचारून घ्या. पण एक लक्षात ठेवा, जमीन बिनशेती मानली गेली म्हणजे घराचा नकाशा मंजूर झाला असं नाही. तुमच्या १२ गुंठ्यांवरच्या घराचा नकाशा नगररचनेच्या अभिप्रायासह मंजूर करून घ्यावाच लागेल.

तहसीलला जाण्याआधी सातबाऱ्यावरची दोन ठिकाणं नीट वाचा. एक, भोगवटादार वर्ग १ (हस्तांतराला मोकळी जमीन) की वर्ग २ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली). वर्ग २ असेल तर परवानगी आणि नजराण्याचा वेगळा विषय निघतो. दोन, ‘इतर हक्क’ हा रकाना. विकास सोसायटीच्या कर्जाचा जुना बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा, काहीही तिथे बसलेलं असू शकतं. कर्ज फिटून वीस वर्षं झाली तरी बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, हे तर घरोघरी आहे. सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, आणून तो आधी कमी करून घ्या.

कोणीतरी तुम्हाला ‘शेतघर दाखवून टाका’ असंही सुचवेल. शेती क्षेत्रातल्या शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर जमीन लागते. तुमचे १२ गुंठे त्यात बसत नाहीत. तो विषय सोडा.

आता मला ज्याच्यावर जास्त बोलायचंय ते. जुन्या घराची पडलेली बाजू तुम्ही एका वाक्यात उडवून लावली आहे. का?

ती जागा गावठाणात आहे. तिथे शेतजमीन नाही, त्यामुळे बिनशेती नाही, तुकडेबंदी नाही. परवानगी पंचायतीच्या हातात, म्हणजे तुमच्या चुलतभावाचा दाखला जिथे खरोखर चालतो ती हीच जागा. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये मुंबई, थंड हवेची ठिकाणं आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं असे काही भाग सोडून राज्यभर एकत्रित विकास नियमावली लागू झाली, तिने लहान भूखंडांची वाट सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला, म्हणजे साधारण दीड गुंठ्याला, मालकीचा कागद, नकाशा, तो नियमाप्रमाणे असल्याचं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि शुल्काचा भरणा एवढ्यावर काम सुरू करता येतं. ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन गुंठ्यांपर्यंत, कागद दिल्यावर पंचायतीने दहा दिवसांत शुल्क किती ते कळवायचं आणि भरल्यावर परवाना द्यायचा, नगररचनाकाराकडे न जाता. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ‘३२०० चौरस फुटांपर्यंत’ म्हणून जी घोषणा केली ती हीच. तुमच्या घराची पडकी बाजू बहुधा यात आरामात बसेल. (तुमचा तालुका महाबळेश्वर-पाचगणीकडचा असेल तर मात्र २००१ पासूनचे संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध तपासा. तिथे हे सरळ लागू होत नाही.)

अडचणी तिथेही आहेत, फक्त वेगळ्या. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत राज्याने ड्रोनने गावठाण मोजायचा पहिला प्रयोग केला, नंतर केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावोगावी तशी मोजणी होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे गावठाणातल्या जागेचे उतारे, निघू लागल्या. तुमच्या गावची झाली असेल तर पत्रिका काढून नावं बघा. चौकशीच्या वेळी घरात जो राहतो त्याचं नाव लागतं आणि मुंबई-ठाण्याच्या बहिणी राहून जातात, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. यात दादाची लबाडी असेलच असं नाही. ज्या दिवशी माणसं मोजायला आली त्या दिवशी तो घरी होता, एवढंच. नाव नसेल तर दुरुस्तीचा अर्ज भूमी अभिलेखकडेच करायचा.

दुसरी अडचण सामाईक भिंतीची. जुन्या मातीच्या घरांत दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एकच भिंत असते आणि दोन्हीकडची तुळई तिच्यावर टेकलेली असते. तुमची बाजू उतरवताना दादाची बाजू बसू नये म्हणून त्याच्या हद्दीत आधी टेकू लागतील, तुमच्या घराला स्वतंत्र खांब लागतील. आणि पन्हाळीचं पाणी कोणाच्या अंगणात पडणार हे आधीच ठरवा. गावठाणातल्या निम्म्या भांडणांचं मूळ पन्हाळीत असतं, असं म्हणायला हरकत नाही. हा खर्च आणि ही कटकट धरूनही तुमच्या वयाला, एकटीला, वीज-पाणी दारात आणि हाकेच्या अंतरावर माणसं असलेली जागा मला शेताच्या कडेपेक्षा बरी वाटते. अर्थात रोज उठून वहिनींच्या अंगणातून जायचं, हे तुम्हाला नको असेल तर तेही कारणच आहे. ते स्वतःशी कबूल करा आणि मग शेताचा मार्ग धरा, तो लांबचा आहे हे जाणून. पडक्या बाजूच्या बदल्यात शेतातला हिस्सा थोडा कमी घ्यायचा, असाही सौदा भावांना पटू शकतो. वाटणीला बसाल तेव्हा दोन्ही मिळकती एकत्र मांडा. मात्र शेतातला हिस्सा १० गुंठ्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

एजंटाबद्दल. कागद लिहून देणं, नकाशा काढणं, अर्ज दाखल करणं याचे पैसे घेणं गैर नाही. प्रत्येकाला फेऱ्या मारायला जमत नाही. त्याला एवढंच विचारा की ठोक रकमेत नेमकं काय येतं. सरकारी शुल्क किती, इंजिनिअरचे किती, त्याचे स्वतःचे किती, हे कागदावर मांडून देईल तर पुढे बोला. चलन तुमच्या नावाने निघालं पाहिजे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही नाही. मूळ उतारे त्याच्याकडे ठेवायचे नाहीत. ‘वरचं बघून घेतो’ असं म्हणाला तर तिथून उठा. लाच ज्याच्या नावाने मागितली जाते त्या अधिकाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, असं पुष्कळदा होतं. आणि नकाशावर सही करणारा परवानाधारक इंजिनिअर स्वतः येऊन जागा बघून जातोय ना, हे पाहा. भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याला या कामाला जुंपा. नुसतं ‘वीट लावू नकोस’ म्हणून त्याची सुटका नको.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ यावर फाईल ठेवून येऊ नका, आवक-जावकच्या टेबलावर साहेबांची गरज नसते. त्या क्रमांकाशिवाय पुढे कोणतीच विचारणा करता येत नाही. लोकसेवा हक्क कायद्याखाली नमुना ८ चा उतारा किंवा येणेबाकी नसल्याचा दाखला ठरलेल्या मुदतीत द्यावाच लागतो. बाकी फाईल रखडली तर माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. आरोप नको, प्रश्न पुरे. आणि घर बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (घर मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला) घ्यायला विसरू नका. गावाकडे ते मागायची पद्धत नाही, पण मुलीला पुढे विकायचं ठरलं तर शोध त्याचाच होईल.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांसाठी थोडं. घर आधीच बांधून झालं असेल तर गप्प बसण्यापेक्षा नियमित करून घेण्याचा अर्ज स्वतः केलेला बरा. तक्रारीनंतर केलेल्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. कोकणातल्यांनी सातबाऱ्यावर कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा आहे का ते आधी पाहावं, आणि खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, निर्बंध. राज्यमार्गालगत प्लॉट असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला विचारल्याशिवाय पाया आखू नये. डोक्यावरून विजेची मोठी लाईन गेलेली जागा स्वस्त मिळाली, तर ती का स्वस्त आहे हे उघडच आहे.

राहता राहिला तुमचा वर्षांचा प्रश्न. निवृत्तीला अजून वर्ष आहे, हेच तुमचं भांडवल. या दिवाळीत गावी जाल तेव्हा भावंडांशी बोलणं, ऊस गेल्यावर मोजणी, उन्हाळ्यात वाटणीची नोंद आणि फेरफार (सातबाऱ्यावर नावाचा बदल), असं धरलंत तर निवृत्त व्हाल तेव्हा तुमच्या नावाचा उतारा हातात असायला हरकत नसावी. सगळे राजी असतील तर. एखादा अडून बसला तर दिवाणी दाव्याशिवाय वाटणी होत नाही आणि मग वर्षांचा हिशेब खरंच कोणी देऊ शकणार नाही. तशी चिन्हं दिसली तर गावात भाड्याने किंवा आईसोबत सहा महिने राहून बघा, बांधकामाचे पैसे तोवर बँकेत राहू द्या. गावात राहणं जमतं का, हेही कळेल. सुट्टीतलं माहेर आणि बारमाही माहेर यांत फरक असतो.

चुलतभावाला मात्र दुखवू नका. ‘दाखला नको’ म्हणण्याऐवजी त्याला काम द्या: गावठाणाचा नकाशा, जुन्या घराचा नमुना ८ चा उतारा आणि तुमच्या गटाचं गावठाणाच्या हद्दीपासूनचं अंतर. तिन्ही गोष्टी त्याला तुमच्यापेक्षा लवकर मिळतील, आणि मिळवून दिल्याचं तो चार ठिकाणी सांगेलही. सांगू द्या.